महाराजांचं फिकं पाणी

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खचाखच भरला होता. महाराजांनी चमचाभर साखर शिंप्याच्या कपाळाला टेकवली, काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकली आणि डोळे मिटून ढवळू लागले. साखर दिसेनाशी झाली.

"गेली!" महाराज गरजले. "रक्तातली साखर या साखरेत ओढली आणि शून्यात धाडली!"

रोज दोन वेळा चहात साखर ढवळणारी ती माणसं आ वासून बघत राहिली. एकाने चाचरत विचारलंच, "पण महाराज, चहातसुद्धा..."

"चहा गोड लागतो ना? हे बघ!" महाराजांनी पेल्याला जीभ लावल्यासारखं केलं. "फिकं! मिळमिळीत! पण दुसऱ्या कुणी चाखायचं नाही. यात आजार उतरलाय, पिणाऱ्याला जडेल." आणि पेला मोरीत रिकामा केला. मोरीपाशी मुंग्यांची ही रांग लागली होती. त्यांना कुणी प्रवचन ऐकवलं नव्हतं.

तो शिंपी म्हणजे अप्पा; घरी त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी होती. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी शेजारणीच्या ब्लाउजला बाह्या जोडल्या. "महाराजांच्या पहिल्या बैठकीला आठवडा झाला, तेव्हापासून इन्सुलिनची कटकट नाही," म्हणत तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले. घसा सारखा कोरडा पडत होता.

"आजार धुऊन निघतोय," आत्या म्हणाली.

"डॉक्टरांकडे चला ना, अप्पा," मुलगी म्हणाली.

"तुझं आपलं पुस्तकातलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

"आयुष्यच तेवढं होतं," नातेवाईक म्हणाले. "श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. मुलगी भेटायला येणाऱ्यांना पाणी देत राहिली.

पण महिन्याभरात आत्या, अप्पांची थोरली बहीण, महाराजांसमोरच्या त्याच खुर्चीत जाऊन बसली. तिलाही मधुमेह होता; इन्सुलिनची सुई आजपासून बंद, असं तिनं जाहीरही करून टाकलं होतं. साखर विरघळली, "फिकं!" झालं आणि महाराज मोरीकडे वळले. तेवढ्यात अप्पांच्या मुलीनं त्यांच्या हातातून पेला काढून घेतला आणि अर्धा घटाघटा प्यायली.

"अगं ए! जडेल ना तुला!" आत्या किंचाळली.

"गोड आहे."

"हिच्या जिभेला बाधा झालीय," महाराज म्हणाले.

"मग आपल्या दोघांच्या सोडून तिसरी जीभ आणा." तिनं पेला पुढे धरला. कुणी हललं नाही. शेवटी आत्यानंच बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोड आहे गं!"

मग काय, जो तो बोट पुढे करू लागला.

"ही सगळी माया आहे!" महाराज ओरडले.

"पण चवीला बरी आहे, महाराज," मागून कुणीतरी म्हणालं.

मुलगी म्हणाली, "साखर कुठेही जात नाही. तिचे कण सुटे होतात आणि पाण्यात पसरतात. इतके बारीक, की दिसत नाहीत. पाणी आटवा, तळाशी साखर उरेल. रक्तातली साखर या पेल्यात येत नाही आणि ढवळून कमीही होत नाही. डोळ्यांना दिसलं नाही की गोष्ट संपली असं मानू नका. चाखून बघा, आटवून बघा, विचारा. चाखायची बंदी कशाला, हे तर आधी विचारा."

आत्या खुर्चीतून उठली. "मग माझा भाऊ? त्याचं आयुष्यच तेवढं..."

"नाही, आत्या. अप्पांचं आयुष्य संपलं नव्हतं. इन्सुलिन बंद केलं म्हणून ते गेले. चल घरी, तुझी सुईची वेळ झालीय."