दाजींच्या होडीचा तळ

मी पंख्याच्या होड्या बांधतो. मागे भलामोठा पंखा, खाली सपाट तळ. अशी होडी पाण्यावरून, चिखलावरून, ओल्या गवतावरूनही पळते. फक्त तळ जागा बघून निवडायचा. मोकळ्या पाण्याला फायबर, दगडगोट्यांना जाड ॲल्युमिनियम, चिखलाला आणि गवताला खालून घसरतं प्लास्टिक.

एवढी साधी गोष्ट दाजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. सोमवारी त्यांना फायबर हवं होतं, मंगळवारी ॲल्युमिनियम. बुधवारी म्हणाले, "तिन्ही थोडं थोडं लाव ना!"

"दाजी, ही होडी आहे, गोधडी नाही!" मी हातोडी आपटली. "एकदाच काय ते सांगा, ती घासणार कुठे?"

"माझी होडी घासत नसते. ती वाऱ्यावर उडते!"

तेवढ्यात ताई वर्कशॉपमध्ये आली आणि तिने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. दोन्हींवर फोड.

"घरापासून पाण्यापर्यंत दोनशे पावलं नुसती खडी आहे," ती म्हणाली. "तिथे पंखा लावला तर खडी उडून शेजाऱ्यांच्या काचा फुटतात. म्हणून जुनी होडी मी दोराने ओढत नेते."

"आणि दाजी?"

"वर खुर्चीत बसून दिशा दाखवतात."

दाजी एकदम छताकडे बघायला लागले. मी खडू उचलून फळीवर लिहिलं: 'तळ जाड ॲल्युमिनियमचा, ओढताना घसरावा म्हणून खालून प्लास्टिक. खुर्ची सुटी. पाण्यापर्यंत दाजींनी डोक्यावर न्यायची.'