जपून ठेवलेले पासवर्ड

भिवंडीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दीपेश तरेचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. तो मूळचा जवळच्या कोन गावचा. रोज मोटरसायकलने यायचा. दुकानात दोन कॉम्प्युटर होते. आतल्यावर तो स्वतः बसायचा, आणि दाराजवळचा गिऱ्हाइकांसाठी होता. ज्याला आपला फॉर्म आपण भरता येतो त्याने तिथे बसून भरावा.

आसपास दुकानं पुष्कळ होती, पण लोक दीपेशकडेच यायचे, कारण त्याच्याकडे आलेल्या माणसाला काही लक्षात ठेवावं लागत नसे. रेशन कार्ड असो, शिष्यवृत्ती असो की प्रॉव्हिडंट फंड, ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं ब्राउझरने विचारलं की तो न बघता ‘हो’ दाबायचा. पॉवरलूमवरचे कामगार वर्षाने परत येऊन विचारायचे, “भाई, पासवर्ड तो आपके पास है ना?” आणि दीपेश म्हणायचा, “है ना. टेन्शन मत लो.” त्याला त्यात अभिमानच वाटायचा. दोन्ही कॉम्प्युटर त्याच्या एकाच खात्यावर चालत. आत साठवलेलं दाराजवळच्या कॉम्प्युटरवरही आपोआप उमटायचं.

सुचेताबाईंनी त्याला एकदा हटकलं होतं. त्या ब्राह्मण आळीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. दीपेश त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पेन्शनच्या दाखल्यासाठी त्या दाराजवळच्या कॉम्प्युटरवर बसल्या होत्या. नावाचं पहिलं अक्षर टाकलं तर खाली दहा परक्या बायकांची नावं, पत्ते, फोन नंबर. “दीपेश, ही माणसं मला का दिसतायत?” त्यांनी विचारलं. तो हसून म्हणाला होता, की बाई, इथे येणाऱ्याला स्वतःच्या कामाची घाई असते, दुसऱ्याचं बघतो कोण.

त्याच बाई सप्टेंबरात चंद्राकाकीला घेऊन आल्या.

चंद्रा भोईर पडघ्याच्या पुढच्या एका गावातली, त्रेचाळीस वर्षांची. नवरा राघो गोडाऊनवर मुकादम. गावातल्या महिला बचत गटाची ती अध्यक्ष होती, आणि मुलींच्या शाळेबद्दल फार कडक. कुणी मुलीला नववीतून काढलं की ती त्या घरी जाऊन बसायची, मुलगी परत वर्गात जाईपर्यंत उठायची नाही. “मी दहावी झाले म्हनून आज चार मानसांत बोलतंय,” असं सांगायची. आणि ती दहावी झालेली नव्हती. आठवी पास झाली त्याच वर्षी आई गेली, तेव्हा धाकट्या भावंडांसाठी ती घरी बसली ती बसलीच. लग्न जुळवणाऱ्याने दहावी सांगितलं, ते हिने खोडलं नाही. पंचवीस वर्षं ते तसंच चालत आलं. राघोलाही ठाऊक नव्हतं.

एका शिबिरात तिची सुचेताबाईंशी ओळख झाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने हे कुणाला तरी सांगितलं. बाई म्हणाल्या, मग होऊ या दहावी, बाहेरून बसता येतं. पडघ्यात ओळखीचे फार, म्हणून फॉर्म भरायला ती मुद्दाम भिवंडीला आली. शेवटची उत्तीर्ण इयत्ता सांगताना तिने मागे वळून दाराकडे बघून घेतलं होतं.

“कोनाला कल्लं न्हाय पायजे,” ती निघताना म्हणाली.

“काकी, माझ्या दुकानातून गोष्ट बाहेर जात नाही,” दीपेश म्हणाला. तिचाही पासवर्ड त्याने सेव्ह केला.

डिसेंबरात ती एकटी आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. स्टुलावर बसली आणि तिने पदर हातात धरला. मग जे झालं ते तिने खालच्या आवाजात सांगितलं. सगळ्या गावाला कळलं होतं. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, आठवी पास, शाळा सोडल्याचं वर्षसुद्धा. तिच्या मोठ्या जावेने, आनंदीबाईने, ते गटाच्या बैठकीतच काढलं. ज्या बाईच्या मुलीला तिने मागच्या वर्षी शाळेत परत पाठवलं होतं, तीच पहिली हसली. राघो काही ओरडला नाही. “मनाबी न्हाय सांगलंस,” एवढंच म्हणाला, आणि तेव्हापासून घरात गरजेपुरतं बोलत होता.

“दोघांनाच म्हाईत व्हतं,” ती म्हणाली. “तुला न् बाईंना. मागच्या महिन्यात बाई माझ्याकडं गनित शिकवाया आल्या, तवा घर विचारत जावंकडं थांबल्या व्हत्या. चा पन घेतला तिथं. बाईंनीच सांगलं, न्हाय का?”

दीपेशला त्या क्षणी स्वच्छ आठवलं. दहा-बारा दिवसांपूर्वी रीमा नावाची कॉलेजची मुलगी दाराजवळच्या कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होती. गाव तेच, आडनाव भोईर. फॉर्मवर आईचं नाव आनंदी. मध्येच ती हसून म्हणाली होती, “दादा, इथं आमची चंद्राकाकी कशी आली?” आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढता ओढता तो न बघता म्हणाला होता, “खोड ते, आणि तुझं टाक.” मुलगी त्यानंतर वीसेक मिनिटं तिथे बसली होती.

आता चंद्राकाकी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“असेल,” दीपेश म्हणाला.

तिने मान हलवली, जणू तेवढंच ऐकायला ती एवढ्या लांब आली होती. परीक्षेला बसणार नाही म्हणाली, आणि गेली.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो दाराजवळच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला. आडनावाची पहिली दोन अक्षरं टाकली. भोईरांची रांग खाली उतरली. तिसरं नाव तिचं. हिस्टरीत परीक्षेची साइटही होती. ती उघडली तर पासवर्ड आधीच भरलेला, वर नुसते काळे ठिपके. बटण दाबलं आणि सगळं समोर आलं. फोटो, जन्मतारीख, ‘शेवटची उत्तीर्ण इयत्ता: आठवी’. पोरीला काही चोरावं लागलं नव्हतं. त्यानेच ताट वाढून ठेवलं होतं.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि सेटिंग उघडलं. सेव्ह केलेल्या पासवर्डांची यादी खाली सरकवत गेला तर संपेना. एकेका ओळीबरोबर एकेक माणूस आठवत होता. नवऱ्यावर तक्रार केलेली एक बाई. क्षयाच्या औषधांसाठी नाव नोंदवलेला लूमवरचा कारागीर. दुसऱ्या लग्नाचा दाखला काढलेले एक गृहस्थ. यांतलं काय काय कुणी कुणी वाचलं असेल, याचा विचार करायला तो धजेना. त्याने पासवर्ड पुसले, पत्ते पुसले, फोन नंबर पुसले. पासवर्ड साठवू का, हे विचारणंच बंद करून टाकलं. दोन्ही कॉम्प्युटरचं एक खातं तोडलं. दाराजवळच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाला फक्त गेस्ट विंडो उघडेल असं केलं, म्हणजे विंडो मिटली की आतलं सगळं जाईल. कुठल्या कुठल्या साइटांना कॅमेऱ्याची, कुणाकुणाला लोकेशनची परवानगी दिलेली होती, तीही काढली. सगळं मिळून तासभर लागला. एवढ्याशा कामासाठी आपण सहा वर्षं वेळ नाही म्हणत होतो, हे त्याला घड्याळ बघितल्यावर कळलं, आणि एकटा असूनही त्याचे कान तापले.

घरी जाताना त्याने मनाची समजूत घातली. झालं ते झालं, आता पुन्हा होणार नाही. आता काकीला खरं सांगून, बाहेर गेलेली गोष्ट परत येणार होती थोडीच?

पण पुढचे आठ दिवस त्याला जड गेले, आणि तेही लोकांच्या कौतुकामुळे. पासवर्ड आता मिळणार नाही म्हटल्यावर लोक आधी कुरकुरले. त्याने कारण सांगितलं, की दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून, तुमचा तुम्ही लिहून ठेवा. तेव्हा तेच लोक खूश झाले. “याला म्हणतात जबाबदार माणूस,” शेजारचा झेरॉक्सवाला चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. दीपेशने मान खाली घालून पावती फाडली. त्याने ‘काम झाल्यावर विंडो बंद करा’ असा कागद भिंतीला लावला होता. लोक तो वाचून माना डोलवायचे.

नवव्या दिवशी सुचेताबाई आल्या. त्यांना कशाची तरी प्रिंट हवी होती, पण खरं काम वेगळंच होतं. चंद्राचा काही निरोप आहे का, असं त्यांनी विचारलं. ती फोन घेत नव्हती. एकदा घेतला तो फक्त एवढं सांगायला, की शिकलेली माणसं गरिबाचं तोंडावर एक आणि मागे एक करतात. बाईंना काही उमगलं नव्हतं. “मी काही बोलून गेले का रे तिला?” त्या म्हणाल्या. “गणितात रागावते मी कधी कधी.” मग भिंतीवरच्या कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं. चष्मा सावरून त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, “ऐकलंस म्हणायचं माझं. चांगलं केलंस हो.”

ते कौतुक ऐकून दीपेशला शरम वाटली. शाळेत असताना याच बाईंनी त्याला एकदा कॉपी करताना पकडलं होतं; पण तेव्हाही असं वाटलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. रीमा, यादी, आणि ‘असेल’ सुद्धा. तो एक शब्द सांगायला सगळ्यात वेळ लागला.

बाईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला कशाला सांगतोस,” शेवटी त्या म्हणाल्या. “तिला सांग.”

त्याने तसंच शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. पडघ्याचा बाजार मागे टाकून तो गावात पोचला तेव्हा समाजमंदिराच्या ओट्यावर गटाच्या बायका लाडवांची पाकिटं भरत बसल्या होत्या. त्यात आनंदीबाई होती. चंद्राकाकी टोकाला, इतरांपासून हातभर दूर बसून, खाली मान घालून पाकिटांना चिकटपट्टी लावत होती. अध्यक्षाची जागा रिकामीच होती.

तो म्हणाला, काकी, जरा बाजूला येता का, बोलायचं आहे.

“हितंच बोल,” ती म्हणाली. “माझं आता झाकलेलं काय ऱ्हायलंय?”

मग त्याला सगळ्यांसमोर बोलावं लागलं. फॉर्म त्याच्या कॉम्प्युटरवर उघडा राहिला होता, चूक त्याची होती, बाईंनी कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. रीमाचं नाव त्याने घेतलं नाही. पण आनंदीबाईचे हात थांबले, आणि बाकीच्या बायकांनी तिच्याकडे बघितलं.

चंद्राकाकीने हातातलं पाकीट पूर्ण चिकटवलं.

“मी बाईंचं नाव घेतलं, तवा तुला म्हाईत व्हतं?”

“होतं,” दीपेश म्हणाला.

“तरी तू असंल म्हनलास.”

“हो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग यायच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. तिला बाईंशी फोनवर बोललेलं आठवलं असावं. तिने हात पुसले, चपला घातल्या.

“मना बाईंच्या घरी सोड.”

वाटेत दीपेशने आरशातून मागे बघायचं टाळलं. ब्राह्मण आळीत पोचल्यावर ती उतरली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तू वर येऊ नको.” तो खाली थांबला. तासाभराने बाई खिडकीत आल्या आणि त्यांनी त्याला हाताने जायची खूण केली.

चंद्राकाकीने परीक्षा दिली. गटाचं अध्यक्षपद मात्र तिने परीक्षेआधीच सोडलं. कुणी मागितलं नव्हतं, पण तिचं तिलाच तिथे बसवेना. गणित सोडून सगळे विषय सुटले. राघो प्रत्येक पेपरला गोडाऊनवरून सुट्टी घेऊन तिला केंद्रावर सोडायला गेला होता, असं बाईंनी सांगितलं. गणितासाठी तिने पुन्हा फॉर्म भरला, तो पडघ्याच्या नाक्यावरच्या दुकानात, सगळ्यांच्या देखत.

बाई अजून दीपेशकडे येतात. पेन्शनचं काम असतं तेव्हा येतात, नीट बोलतात, चहा घेत नाहीत. जुलैत एकदा त्याने धीर करून विचारलं, की काकी माझ्याबद्दल काही म्हणतात का.

बाईंनी पासवर्ड टाकता टाकता हात थांबवला. “नाही रे,” त्या म्हणाल्या. “तुझं नाव निघत नाही.”

मग स्क्रीनवर तळहात आडवा धरून त्यांनी उरलेली अक्षरं टाकली, आणि दीपेश उठून दारात जाऊन उभा राहिला.