दीड मीटर कापड

सासूबाईंनी शिवणाचं दुकान विकलं आणि झोप उडाली जावयाची. एकतीस वर्षं मशीन चालवून उभं केलेलं दुकान ते. त्याचे पैसे आता त्यांना जन्मभर पुरायला हवे होते, आणि ते गुंतवायला सल्लागार निवडायचा म्हणून त्या जावयाला बरोबर घेऊन निघाल्या होत्या. चुकीचा माणूस भेटला तर म्हातारपण उघड्यावर, एवढं त्यालाही कळत होतं.

पहिल्या सल्लागाराचं ऑफिस चकचकीत होतं. सासूबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि थेट विचारलं, "पाच वर्षांत दुप्पट करून द्याल? पण एक पैसाही बुडता कामा नये हं!"

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं या बाईला तो शहाणी समजत होता!

"होईल की!" सल्लागार म्हणाला. सासूबाई उठल्याच.

दुसरा जावयाचा जुना मित्र. त्यालाही तोच प्रश्न. "काकू, तुम्ही फक्त सही करा, बाकी माझ्यावर सोडा." सासूबाईंनी त्याच्यावर काहीच सोडलं नाही.

तिसरी सल्लागार एक बाई होती. औषधाच्या दुकानावर तिची एक खोली, दोन खुर्च्या. प्रश्न ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

"नाही जमणार. बुडायला नको असतील तर पैसे हळूहळूच वाढतात. दोन्ही एकदम देतो म्हणेल त्याच्यापासून लांब राहा."

"तुम्हाला यात काय मिळतं?"

"माझी फी, तुमच्याकडून. कंपन्यांकडून मी काही घेत नाही. या कागदावर तसं लिहिलंय, घरी नेऊन सावकाश वाचा."

मग तिने महिन्याचा खर्च विचारला, दुखण्याखुपण्याचं विचारलं. सासूबाईंनी कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उद्याची वेळ घेतली.

"आई, दोघं हो म्हणत होते," जिना उतरताना जावई म्हणाला, "आणि तुम्हाला आवडली ती नाही म्हणणारी?"

"दुकानात कारागीर ठेवताना मी दीड मीटर कापड हातात द्यायचे. म्हणायचे, यात जाड्या माणसाचा पूर्ण बाहीचा शर्ट बसव. बसवतो म्हणाला की चहा पाजून निरोप. बसणार नाही म्हणाला की दुसऱ्या दिवसापासून कामावर."

जावई पायरीवरच थांबला. अकरा वर्षांपूर्वी तो लग्नाचं विचारायला गेला होता, तेव्हा याच बाईने विचारलं होतं, "माझ्या मुलीच्या डोळ्यांत कधी पाणी आणणार नाही ना?" घाम पुसत तो म्हणाला होता, "तसा शब्द नाही देता येणार. माझा राग वाईट आहे." चहासुद्धा न विचारता तिने त्याला दारापर्यंत सोडलं होतं. सगळं फिसकटलं असं समजून तो रस्ताभर स्वतःला शिव्या घालत घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी होकार आला. का आला, हे कोडं त्याला आजवर सुटलं नव्हतं.

"आई, म्हणजे तेव्हा तुम्ही मला..."

"चहा पाजला होता का मी?" सासूबाई म्हणाल्या आणि खालच्या पायरीसाठी त्यांनी त्याचा हात धरला.