पिवळा रंग

क्षमानं काचेच्या बशीतल्या पेशींच्या थरावरून ब्लेडनं एक रेघ ओढली, वर पिवळा रंग सोडला आणि घड्याळाकडे पाहिलं. शेजारच्या स्टुलावर विठोजी गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. चिकपेटेच्या बाजारातलं साड्यांचं दुकान नोकरांवर टाकून तो आज पहिल्यांदाच धाकट्या बहिणीच्या प्रयोगशाळेत आला होता.

"कशाला कापलंस ते?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज सुपात खडे घोळवल्यासारखा येत होता.

"रंग आत शिरावा म्हणून. कापलेल्या पेशीतून तो शेजारणीत जातो, तिथून पुढच्या पेशीत. पेशी-पेशींच्या मध्ये बारीक वाटा असतात, अण्णा."

तिनं रंग धुऊन काढला आणि त्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. सकाळपासून दोनदा वीज गेली होती. तिचे खांदे भरून आले होते. सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवून ती बाजूला झाली.

विठोजीनं डोळा लावला. रेघेच्या दोन्ही बाजूंना हिरवट-पिवळा उजेड दूरवर पसरला होता.

"या चांगल्या पेशी. आता ही बघ." तिनं दुसरी बशी सरकवली. इथे उजेड फक्त रेघेवर होता. आजूबाजूला काळोख. "यांच्यात आम्ही कॅन्सरचा एक जीन घातलाय. तो आला की वाटा बंद होतात. शेजारणी 'थांब' म्हणतात, ते यांच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून या वाढत सुटतात, असं आम्हांला वाटतं."

"आणि वाटा उघडायचं औषध?"

हा प्रश्न कधीतरी येणार, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं की गळ्याचा कॅन्सर आहे, त्याचं स्वरयंत्र काढावं लागेल, उशीर नको. विठोजी मात्र घरी, दुकानात, लग्नकार्यात एकच सांगत राहिला: आमच्या क्षमाचं औषध येतंय, बघू. ती ऐकायची आणि काही बोलायची नाही. आजारी माणसाची आशा कशी तोडायची?

"औषध नाही, अण्णा." आवाज वाटला त्यापेक्षा कोरडा निघाला. "या उंदराच्या पेशी आहेत. वाट बंद का होते, एवढंच मी शोधतेय. तुझ्या गळ्यासाठी माझ्याकडे काही नाही. डॉक्टर म्हणतात तसं कर. आता थांबू नकोस."

विठोजीनं डोळा काढला नाही.

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"औषध नाही, ते. मीच तर ते उठवलं होतं." तो थांबला, घसा खाकरला. "तुझं एम.एस्सी. झालं, तेव्हा अप्पा लग्नाच्या मागे लागले होते. मी म्हटलं, ही कॅन्सरवर औषध काढणार आहे, हिला शिकू द्या. ऐकलं त्यांनी. तेव्हापासून सगळ्यांना सांगत असतात. आता मीच गळा कापून घेतला, तर त्यांनी चारचौघांत काय सांगायचं? आणि लोक तुला काय म्हणतील?"

"म्हणून तू थांबलास?"

"स्वल्प भीतीपण होती." त्यानं मफलर सारखा केला. "बोलल्याशिवाय साडी कुठे विकते?"

क्षमानं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. बशा तशाच टेबलावर ठेवून तिनं अंगातला पांढरा कोट काढला.

"चल. अप्पांना मी सांगते."

घरी त्यांचे वडील नरसिंहराव व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. क्षमा चपलाही न काढता त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अप्पा, माझ्याकडे अण्णासाठी औषध नाही. होणारही नाही. माझं काम ते नाहीच."

नरसिंहरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"ते मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू तिथे लागलीस, त्याच वर्षी मी तुझ्या सरांना भेटून आलो. म्हणाले, औषधबिवषध नाही, नुसतं शोधणं आहे. कदाचित काही हाती लागेल, कदाचित नाही. भला माणूस. कॉफी पाजली मला."

"मग लोकांना का सांगत राहिलात?"

"याला ते ऐकून बरं वाटायचं." त्यांनी दाराशी टेकलेल्या विठोजीकडे बघितलंही नाही. "आणि हा आजारी पडल्यावर वाटलं, याचा सगळा भरवसा त्या औषधावरच आहे. बापानं तो कसा मोडायचा?"

विठोजी हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. क्षमानं आतून पाणी आणलं. तो एकेक घोट घेत राहिला. उन्हाळा केव्हाच संपला होता, रस्त्यावर गणपतीचे मांडव उभे राहत होते.

नरसिंहराव उठले. खुंटीवरचा कोट काढून त्यांनी अंगात घातला. वरचं बटण त्यांना लागेना, तेव्हा त्यांनी ते तसंच सोडलं.

"डॉक्टर संध्याकाळी बसतात ना?"

"बसतात," क्षमा म्हणाली.

"सरी, जाऊ या. ऑटो बघ."

ऑटोत विठोजी मधे बसला. निघाल्याबरोबर तो बोलायला लागला. धर्मावरमहून येणाऱ्या साड्यांबद्दल, शेजारच्या दुकानदाराच्या भांडकुदळ मेहुण्याबद्दल, लहानपणी क्षमा लालबागेच्या बगिच्यात हरवली होती त्याबद्दल. एका गोष्टीतून दुसरीत शिरत, मधेच कन्नडमध्ये ड्रायव्हरला थट्टेत ओढत. शब्द अर्ध्यावर तुटायचे, मग तो घसा खाकरून ते पुन्हा म्हणायचा. गळ्याला ताण देऊ नका, कमीत कमी बोला, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं.

नरसिंहराव बाहेर बघत होते. क्षमा विठोजीकडे तोंड करून बसली होती. त्याला गप्प बस म्हणून कुणीच सांगितलं नाही.