थांबवायचं काम

कुरामोची सेइजी हे नोशिरोचे हाडवैद्य. गावात कुणाचा खांदा निखळला, कुणाचा घोटा मुरगळला, की माणूस आधी त्यांच्या दारात यायचा. तिकडच्या बऱ्याच हाडवैद्यांसारखे तेही ज्युदोतले जुने गडी, आणि वीस वर्षं शाळांच्या स्पर्धांत पंच. ताठ ओढलेलं कोपर कुठवर सोसतं आणि कुठे दगा देतं, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. म्हणूनच जूनमधल्या त्या लढतीचं त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं.

हायस्कूलच्या मुलींची शेवटची लढत होती, पंच कुरामोचीच. एका बाजूला त्यांच्याच गावची ओयामादा चिहारु, लाकडाच्या गिरणीत राबणाऱ्या बापाची मुलगी. दुसऱ्या बाजूला ओदातेची सासामोरी रिए. तिसऱ्या मिनिटाला चिहारु पाठीवर पडली. रिएने दोन्ही पाय तिच्या छातीवरून आडवे टाकले, तिचा उजवा हात मांड्यांत धरला आणि मागे रेलून ओढला. या पेचात सापडलेल्याने मोकळ्या हाताने चटईवर थाप मारली की लढत संपते. कुणी हट्टाने थाप मारली नाही, तर शाळकरी खेळात पंचाने आपणहून थांबवायचं असतं. नियमच तसा आहे.

पण गेल्या वर्षी, त्याच सभागृहात, चिहारुचीच लढत त्यांनी अशीच थांबवली होती. नंतर व्हरांड्यात तिने त्यांना गाठलं होतं. डोळे भरलेले, पण आवाज खाली. "गुरुजी, मी सुटले असते," एवढंच ती म्हणाली होती. ते त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं.

यंदा त्यांचा हात खांद्यापर्यंत वर आला आणि तिथेच राहिला. चिहारु अंग वळवत होती. अंगठा खाली फिरवून कोपर वळवता आलं असतं, तर सुटलीही असती. त्यांनी एक श्वास वाट पाहिली, मग दुसरा. मग कोपर गेलं. आवाज फारसा मोठा नव्हता, पण गुण मांडणाऱ्यांच्या टेबलापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी बायकोने, फुमिएने, गोड वड्यांचा डबा कापडात बांधून दिला. काळा सूट घालून ते ओयामादांच्या घरी गेले आणि उंबऱ्याच्या आत गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. हात गळ्यात बांधलेली चिहारु आतल्या दारातूनच म्हणाली, "चूक माझी आहे. थाप मारायला हवी होती, मला कळत होतं."

"हार न मानणं हे तुझं काम," कुरामोची म्हणाले. "थांबवणं माझं. मी माझं केलं नाही."

बापाने विचारलं, हात पूर्वीसारखा होईल का? खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. इस्पितळवाले त्यांचं काम नीट करतील, ते म्हणाले, पण कोपरात शेवटचा बोटभर बाक बहुधा राहील. बापाने मान हलवली. "मग प्लास्टर निघालं की तुम्हीच बघा तो हात," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे नेऊ? गावात तुमच्याशिवाय आहे कोण?"

पंचाचा परवाना त्यांनी त्याच आठवड्यात परत केला. संघटनेचे लोक म्हणाले, वर्षभर थांबा, मग बघू. ते थांबले नाहीत.

ऑगस्टपासून चिहारु आठवड्यातून तीनदा यायला लागली. गरम पाण्याचा शेक, मग हळूहळू हात सोडवणं. दुखलं तरी ती दात आवळून गप्प. शेवटी कुरामोचींनी हात बाजूला घेतले. दुखलं की सांगणार नसशील तर मी हात लावणार नाही, ते म्हणाले. त्या दिवशी ती रुसून घरी गेली, पण त्यानंतर सांगायला लागली.

नोव्हेंबरात, हात त्यांच्या मांडीवर असताना, ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "रिएचं पत्र आलंय. तिने ज्युदो सोडला. तिला झोप येत नाही म्हणे." आणि मग, "गुरुजी, तुम्ही तिच्याकडे गेला होतात का?"

कुरामोचींची बोटं थबकली. पाच महिन्यांत ते त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

त्या रविवारी ते गाडीने ओदातेला गेले. रिएच्या आईचं केस कापायचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नव्हतं, आई कात्र्या पुसत होती, रिए केर काढत होती. त्यांना ओळखताच केरसुणी तिच्या हातात तशीच राहिली. त्यांनी केसांच्या केरातच गुडघे टेकले आणि माफी मागितली.

रिए जमिनीकडे बघत म्हणाली, "माझं लक्ष तुमच्याकडेच होतं. कोपर जाणार, हे मला कळलं होतं. तुमचा हात वर आला तेव्हा वाटलं, संपलं, आता सोडायचं. मग तो हात थांबला. म्हटलं, म्हणजे पेच अजून पुरता बसला नाही. म्हणून आणखी ओढलं."

तिचे डोळे आपल्यावर होते, हे कुरामोचींनी पाहिलंच नव्हतं. ते फक्त चिहारुकडे बघत होते.

"मग ते तू नाही केलंस," ते म्हणाले. "पंच सांगेल तेवढं खेळाडू करतो. मी चुकीचं सांगितलं."

"चिहारु काय म्हणते?" रिएने विचारलं.

"पत्राला उत्तर लिहितेय. डाव्या हाताने सुरुवात केली, अक्षर लागेना, म्हणून आता उजव्याने लिहितेय. हळू."

रिए खाली बसली आणि रडली, लहान मुलासारखी, तोंड न झाकता. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिला गप्प केलं नाही. कुरामोची तसेच बसून राहिले. त्यांना उठताही येईना, बसवतही नव्हतं. ज्युदोकडे ती पुन्हा कधी वळली नाही. पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तसं कुणी विचारलंही नाही.

परतीच्या गाडीला अजून तासभर होता. काय बोलावं हे आईलाही सुचत नसावं. तिने खुर्ची वळवली आणि म्हणाली, मानेवर केस फार वाढलेत तुमचे, बसा. रिएने डोळे पुसले, धुतलेलं कापड झटकलं आणि त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. आवळलं जाऊ नये म्हणून मध्ये एक बोट घातलं, आणि विचारलं, "घट्ट होतंय का?"