शिंपल्याकडे पाठ

माझ्या मावशीनं या शहरातल्या प्रत्येक सुंदर इमारतीकडे आयुष्यभर पाठ फिरवली आहे. त्याबद्दल कंपनीनं तिला दोनदा भिंतीवरचं घड्याळ दिलं.

मावशी पायी सहलींची गाईड आहे. तिच्या कंपनीत एक नियम फार कडक आहे: पाहुण्यांकडे कायम तोंड ठेवायचं. गाईड पुढे बघून चालू लागला की मागचे पाहुणे एकेक करून आईस्क्रीमच्या दिशेनं गळायला लागतात, आणि शेवटी तो एकटाच घुमटाकडे हात करून बोलत उभा असतो. म्हणून गाईडनं उलटं चालायचं. मावशी इतकी वर्षं उलटी चालली आहे की बाजारातही ती उलटीच जाते. भाजीवाले तिला पाठीवरून ओळखतात.

इमारत आली हे तिला पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून कळतं. "भुवया वर गेल्या की समजायचं नाट्यगृह," ती मला शिकवायची. "तोंड उघडलं की शिंपला. तोंड उघडं आणि हात खिशावर, की कॅसिनो."

शिंपला म्हणजे समुद्रकाठचं सगळ्यात महाग हॉटेल. खरं नाव वेगळंच आहे, पण ते उच्चारता येणारा माणूस अजून आमच्या गल्लीत जन्मला नाही. आम्ही राहतो त्याच्या मागे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची मागची भिंत दिसते: पाईप, पंखे, आणि एक मोठी जाळी, जिच्यातून दिवसभर गरम वारा येतो. त्या वाऱ्यावर आम्ही कपडे वाळवतो. जगप्रसिद्ध इमारत आहे, मोजे तासाभरात कडक. पुढच्या अंगणात मात्र फक्त पाहुण्यांना आणि बिल्ला लावलेल्या गाईडना सोडतात. मी लहानपणी एकदा तिथं गेलो होतो म्हणे. त्या वेळी माझी उंची अशी होती की मला फक्त लोकांचे गुडघे आठवतात.

तर त्या बिल्ल्यासाठी माझी परीक्षा होती. तिसरी आणि शेवटची. पहिल्या खेपेला मी पाहुण्यांना सांगितलं होतं की ही निमुळती इमारत, जिला सगळे इस्त्री म्हणतात, ती दर रविवारी तापवतात. दोघांनी तक्रार केली की रविवारी येऊन हात लावून पाहिला, थंडच होती. दुसऱ्या खेपेला मी कारंज्यात पडलो. त्यात माझा दोष नव्हता, कारंजं मागे होतं. या वेळी नापास झालो तर सोमवारपासून मामाच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, असं घरात ठरलं होतं. मामानं माझ्या मापाचा एप्रनही शिवून ठेवला होता. माझ्या यशावर त्याचा इतका विश्वास.

परीक्षक बाई लांब छत्री घेऊन आल्या. चेहरा ओढलेल्या शटरसारखा. पाहुण्यांत एक नवं जोडपं होतं आणि एक दातांचे डॉक्टर. सगळ्यात मागे मावशी, पाहुणी म्हणून. तिला बाईंनी बजावलं होतं: मदत केलीत तर मुलगा नापास.

"मी कशाला मदत करू?" मावशी म्हणाली. "मला सरळ चालायचं टेन्शन आलंय."

सुरुवात झकास झाली. इस्त्रीच्या टोकाची खोली इतकी अरुंद आहे की आत शिरण्याआधीच कुठल्या बाजूला तोंड करायचं ते ठरवावं लागतं, हे मी सांगितलं. दोन मनोऱ्यांच्या मध्ये काचेच्या तळाचा पोहण्याचा तलाव आहे, तोही दाखवला. "शहरात श्रीमंतांची पोटं खालून फुकट बघायची सोय फक्त इथं आहे," मी म्हणालो. नवरी हसली. बाईंचं शटर हललं नाही.

मग मी म्हणालो, "आता आपण डावीकडे वळू," आणि वाट लागली.

झालं असं. हा सगळा रस्ता मी घरी, स्वयंपाकघरात शिकलो. मावशी गॅसपासून फ्रिजपर्यंत उलटी चालायची आणि मी समोर पाहुणा. तिची डावी म्हणजे माझी उजवी. मी ते डोक्यात नीट उलटं करून ठेवलं होतं. परीक्षेत घाबरून मी ते आणखी एकदा उलटं केलं. समुद्राच्या रस्त्याऐवजी आम्ही कुठल्या गल्लीत शिरलो ते मला दिसत नव्हतं. मानेला काहीतरी ओलं लागलं तेव्हा कळलं. माझाच पायजमा होता.

मावशीनं डोळे मिटून घेतले.

परत फिरायचं तर पाठ दाखवावी लागणार. मी चालत राहिलो. "ही शिंपल्याची खासगी बाजू," मी म्हणालो. "सहसा कुणाला दाखवत नाहीत."

"हे पाईप कसले?" डॉक्टरांनी विचारलं.

"श्वसनसंस्था."

वरून आमच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "अरे, जेवायला आणलंस का यांना? आधी सांगायचं तरी!"

"या कोण?" नवरीनं विचारलं.

"स्थानिक रहिवासी," मी म्हणालो.

गल्लीच्या शेवटी सामानाच्या ढकलगाड्यांसाठी एक बोळ आहे. तो हॉटेलच्या पोटातून थेट पुढच्या अंगणात निघतो. पहारेकऱ्यानं बाईंना ओळखून दार उघडलं. बोळ बुटका, अंधारा, साबणाच्या वासाचा. नवऱ्या मुलाचं डोकं दोनदा आपटलं. मी उलटा चालत होतो आणि मनात एप्रनच्या नाड्या बांधत होतो.

तेवढ्यात पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर उजेड पडला. माझ्या मागून येत होता. आधी हनुवट्या उजळल्या, मग गाल, मग डोळे. आणि मावशीनं शिकवलेल्या कुठल्याच खुणेत न बसणारं काहीतरी त्या चेहऱ्यांचं झालं. तोंडं उघडली, पण ती उघडी आहेत याची त्यांना खबर नव्हती. डॉक्टरांची एक दाढ किडलेली निघाली. नवरीनं नवऱ्याचा हात सोडून दिला. बाईंची छत्री फरशीवर पडली आणि कुणी वाकलं नाही.

मी पाठ केलेलं म्हणत राहिलो. "ही इमारत एकाही खांबाशिवाय..." माझ्याच कानाला माझा आवाज आगाऊ वाटला. आणि मग डोक्यावरून समुद्र ऐकू आला. समुद्र खाली असतो. हा वर होता.

मावशी शेवटी बाहेर आली. सरळ चालत. इतकी वर्षं जी गोष्ट तिनं रोज पाठीमागे हात करून दाखवली होती, ती तिच्यासमोर उभी होती. तिनं एक हात तोंडावर ठेवला. मग तो काढून ओरडली, "अरे, वळ ना, गाढवा!"

मी वळलो.

पांढऱ्या फासळ्या जमिनीतून निघून वर गेल्या होत्या, वर जाता जाता समुद्राकडे झुकल्या होत्या, आणि जिथं पडायला हव्या होत्या तिथं पडत नव्हत्या. एकही रेघ सरळ नव्हती, आणि वाकडी म्हणावी अशीही एक नव्हती. मधल्या काचा इतक्या पातळ, की आभाळालाच कुणी फासळ्यांच्या चौकटी बसवल्यासारखं दिसत होतं. खाली पाण्याचं उथळ तळं होतं. त्यात पडलेलं दुपारचं ऊन हलत हलत सगळ्या फासळ्यांवरून वर चढत होतं, त्यामुळे ती एवढी थोरली इमारत हळूहळू श्वास घेत होती. लाटांचा आवाज त्या पोकळीत शिरून शेंड्यापर्यंत जायचा आणि आमच्या डोक्यांवर उतरायचा. मी आयुष्यभर या प्राण्याच्या पाठीला टेकून जेवलो होतो. त्याला तोंड आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, सांगितलं होतं. मी ते पाठही केलं होतं.

"वळलात तुम्ही," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"वळलो."

"पाहुण्यांकडे पूर्ण पाठ."

"पूर्ण."

"नापास."

"बरं," मी म्हणालो. मग वर बोट करून विचारलं, "बाई, ते अगदी वर पक्षी आहेत का?"

"माणसं आहेत. काचा पुसतायत."

"मी सगळ्यांना सांगायचे की ती मुंग्यांएवढी दिसतात," मावशी पुटपुटली. "कुठल्या मुंग्या? कुणी लिहून दिलं होतं मला ते?" मग तिनं बाईंकडे वळून विचारलं, "त्याचं नापास पक्कं?"

"पक्कं. आणि तुम्ही त्याला वळायला सांगितलंत, म्हणून डबल."

"चालेल," मावशी म्हणाली आणि सरकून तिनं मला शेजारी जागा दिली.

आता मी कुणाचा गाईड नव्हतो, तेव्हा कुणाकडे तोंड करायचं हा प्रश्नच मिटला होता. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो. ऊन एका फासळीवरून दुसरीवर गेलं.

"यापुढे काय आहे?" डॉक्टरांनी मान वर ठेवूनच विचारलं.

"कॅसिनो," मी म्हणालो.

कुणीही हललं नाही.