दलदलवालीची किंकाळी

भुताचा सिनेमा घरीच बघावा, असं माझं ठाम मत आहे. थिएटरात शेजारचा माणूस काहीतरी कुरकुर चावत असतो, पुढच्या रांगेतलं कोणीतरी उगाच हसतं, आणि भीती दोनशे जणांत वाटली जाते. घरी ती सगळी आपल्या एकट्याच्या वाट्याला येते. त्यातही सिनेमा असा निवडावा, जो फारसा कोणी पाहिलेला नाही. गाजलेल्या सिनेमातलं भूत कुठल्या कपाटातून निघणार, हे ऑफिसातल्या कोणीतरी आधीच सांगून टाकलेलं असतं.

मी दिपेश. खाडीकाठच्या बोनकोडे गावात राहतो, महाप्याच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंग करतो, आणि ‘पडदे ओढा’ नावाचं पेज चालवतो. अकरा हजार लोक ते वाचतात. दर रविवारी दुपारी जेवण झालं की मी वरच्या खोलीत जातो, पडदे ओढतो, फोन बायकोकडे, नमिताकडे देतो आणि कुठला तरी विसरलेला सिनेमा लावतो. एकदा एक मल्याळम सिनेमा मिळाला होता. त्यात भूत दिसतच नाही. घरातली माणसं फक्त रोज दाराचं कुलूप तपासतात, आणि दर वेळी एक माणूस कमी असतो. त्याला मी नऊ मार्क दिले होते. साडेनऊ मात्र एकालाच दिले, ‘दलदलवाली’ला.

‘दलदलवाली’ हा अडतीस वर्षांपूर्वी व्हिडिओ कॅसेटवर काढलेला हिंदी सिनेमा. थिएटरात कधी लागलाच नाही. नावांची पाटी फाटकी, दिग्दर्शक कोण ते कळत नाही. तांत्रिकाची मिशी एका बाजूने सुटलेली. नायिका बेशुद्ध पडतानासुद्धा साडी सावरते. खरं तर दोन मार्कांचा माल. पण एकेचाळिसाव्या मिनिटाला खाडीच्या चिखलातून एक बाई वर येते. कमरेपर्यंत गाळ, तोंडावर चिखल, डोळ्यांवर केस. ती हात हवेत मारते आणि ओरडते. शब्द कळत नाहीत, कारण वरून ऑर्गन वाजतो आणि कॉपी खराब आहे. दोन मिनिटं तो शॉट तसाच चालतो. शेवटी शेवटी तिच्या आवाजाला चरा पडतो.

मी तो शॉट वीसएक वेळा पाहिला असेल. पेजवर लिहिलं होतं, ‘ही बाई कोण, तिला कोणी शिकवलं, देव जाणे. भीतीचा असा अभिनय आपल्याकडे दुसरा नाही.’ ती काय ओरडते यावर एक लेखही लिहिला होता. तो उलटा म्हटलेला मंत्र असावा, असा माझा अंदाज होता. तिच्या किंकाळीची फोनला रिंगटोन केली होती. नमिता वैतागायची म्हणून ऑफिसात असतानाच चालू ठेवायचो.

गेल्या महिन्यात सयाजी नावाच्या वाचकाचा मेसेज आला. त्याच्या वडिलांची कराडला व्हिडिओ लायब्ररी होती. माळ्यावर ‘दलदलवाली’ची मूळ कॅसेट सापडली, न वाजवलेली. त्याने ती नीट उतरवून मला पाठवली. रविवारी दुपारी मी सरळ एकेचाळिसाव्या मिनिटाला गेलो.

चित्र इतकं स्वच्छ होतं की मी जरा पुढे सरकून बसलो. बाई दिसली. बाई कसली, मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. ऑर्गन अजून सुरू व्हायचा होता, आणि ती ओरडली,

‘‘पुतले, फली टाक गो! माजा पाय सुटं नाय!’’

मी सिनेमा थांबवला. मागे नेला. परत ऐकला.

हा मंत्र नव्हता. ही आमची बोली होती. माझ्या आजीची, आईची, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईची. पुतळा नावाच्या कोणालातरी ती फळी टाकायला सांगत होती. आमच्याकडे खाडीच्या गाळात माणूस रुतला की त्याच्यापुढे फळी टाकतात, तो तिच्यावर पोट टेकून बाहेर येतो. भूत फळी मागत नाही. ही मुलगी खरोखर रुतत होती.

मी तसाच उठलो. खोटं कशाला सांगू, त्या घाईत थोडी फुशारकीही होती. एवढ्या वर्षांचं कोडं मी सोडवलं होतं. मी धडधड जिने उतरून खाली गेलो. आई वाल सोलत बसली होती. वडील गेल्यापासून ती दुपारची झोपत नाही. नमिता तिच्या शेजारी चहाचा कप घेऊन बसली होती.

‘‘आये, आपल्या गावात पुतळा नावाची कोण होती का गं? तुझ्या वयाची?’’

आईने वर पाहिलं नाही. ‘‘कला रं, कशाला इचारतंस?’’

‘‘एका जुन्या सिनेमात एक पोरगी खाडीत अडकलीय. ती पुतळाला हाक मारतेय. आपल्याच बोलीत. शूटिंग आपल्याच खाडीत झालं असणार.’’

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने ती ताटात ठेवली, हात पदराला पुसले.

‘‘काय म्हनते ती पोरगी?’’

‘‘फली टाक गो, म्हणते. पाय सुटं नाय.’’

‘‘ती मी हाय,’’ आई म्हणाली.

नमिताने कप खाली ठेवला. मी आईकडे बघत राहिलो. सत्तावन्न वर्षांची, गुडघ्यांना तेल लावणारी माझी आई, गोजरा. मी तिच्या तोंडावर चिखल आहे का, असं काहीतरी शोधत होतो.

‘‘चेष्टा करतेस?’’

‘‘चेष्टा कसली जल्ली! तवा मी नि पुतला मिठागरावं कामाला जायचो. शूटिंगवाले आले. म्हनले, दोघींतली एक चिखलात हुबी ऱ्हा, सिनेमात दिसशील. आमाला हौस. मी गेले. त्यांनी माज्या तोंडाला लगदा लावला, केस पुडं आनले. वहोटी व्हती तवर बरं. मंग पानी भरायला लागलं नि पाय आत गेलं. मी वरडले. डोल्यांत चिखल, मना काय दिसं नाय. कोनतरी लांबून म्हने, ‘अजून थोडं, अजून थोडं.’ मना वाटलं, फली आनतायत.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय. मिठागरावले बाप्ये आले, त्यांनी काडली. पानी हितवर व्हतं.’’ तिने हनुवटीला बोट लावलं. ‘‘शूटिंगवाले म्हनले, तुजी मैतरीन घाबरून पलाली, आमीच मानसं बोलावली. बाप्ये बी म्हनले, आमाला पुतला दिसली नाय. मी बरी झाले नि तिच्या दारात जाऊन तिला नाय नाय ते बोलले. ती म्हने, मी फली आनली व्हती, मना धरून ठेवलं. मी म्हनले, कोन धरंल गो? मी मानलं नाय. अडतीस वर्सं तिच्या लग्नाला नाय, पोरांच्या बारशाला नाय. ती कामोठ्याला ऱ्हाते, म्हनतात.’’

माझ्या आईच्या नाकातोंडात पाणी जाणार होतं, तेव्हाच्या तिच्या ओरडण्याला मी साडेनऊ मार्क दिले होते. अर्धा मार्क का कापला, तेही आठवलं. शॉट थोडा लांबलाय, असं लिहिलं होतं मी.

‘‘दाखव मना,’’ आई म्हणाली.

‘‘नको, आये.’’

‘‘आई, कशाला आता? बीपी वाढेल तुमचं,’’ नमिताही म्हणाली.

पण ती उठलीच होती. गुडघा धरून एकेक पायरी चढत ती माझ्या खोलीत आली. माझ्या भुतांच्या खोलीत ती अकरा वर्षांत पहिल्यांदा येत होती. नमिताने जाऊन पडदे उघडले. उजेडात तो टीव्ही अगदीच साधा वाटत होता.

मी सिनेमा लावला. आई खुर्चीच्या कडेवर बसली. पडद्यावरची मुलगी ओरडायला लागली तेव्हा मी जमिनीकडे बघत होतो. त्यामुळे मला ते दिसलं नाही, आईला दिसलं.

‘‘थांबव!’’

मी थांबवलं. आई उठून पडद्याजवळ गेली आणि डाव्या कडेला बोट लावलं. माझ्या जुन्या कॉपीत त्या कडेला नुसता काळा, थरथरणारा पट्टा होता. इथे बांध दिसत होता. बांधावर परकर-पोलक्यातली एक मुलगी होती आणि एका टोपीवाल्या माणसाने तिला मागून कंबरेत धरलं होतं. तिच्या दोन्ही पायांनी माती उकरली जात होती. हातात फळी होती. तिच्यापेक्षाही लांब.

‘‘पुतला,’’ आई म्हणाली.

मी एकेक चित्र पुढे सरकवलं. पुतळा सुटायला बघत होती. त्या माणसाने दुसऱ्या हाताने तिचं तोंड दाबलं. शॉटमध्ये आवाज जाऊ नये म्हणून. मी इतके सिनेमे बघितलेत, मला हे लगेच कळलं, आणि कळल्याचीच किळस आली. आजवर पडद्यावर कापलेली माणसं पाहिली, भिंतीतून निघालेले हात पाहिले. पण टोपी घातलेला एक साधा माणूस, शांतपणे, कॅमेऱ्याच्या आड येणार नाही अशा बेताने एका पोरीचं तोंड दाबून उभा आहे, असं काही मी पाहिलं नव्हतं.

आई त्या थांबलेल्या चित्रासमोर किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. रडली नाही. ‘‘ती खरं सांगत व्हती रं,’’ एवढंच दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. गावातल्या एकीकडून पत्ता मिळवला आणि आईला घेऊन कामोठ्याला गेलो. सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर दार उघडलं ते पुतळामावशीनेच. बारीक बाई, पांढरे केस, चष्मा कपाळावर. तिने आईला लगेच ओळखलं. दाराची कडी हातातून सोडली नाही.

‘‘तुना धरलं व्हतं गो,’’ आई म्हणाली. आत या, बसा, काहीच झालेलं नव्हतं. ‘‘टोपीवाल्यानं. फली व्हती तुज्या हातात. मी बगलं.’’

‘‘कवा बगलंस?’’

‘‘काल.’’

पुतळामावशी आईकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी घाईघाईने सांगितलं, सिनेमा सापडला, त्यात सगळं दिसतंय, फोनमध्ये आणलंय.

‘‘मना कला दाखवतंस?’’ ती म्हणाली. ‘‘मी तितंच व्हते.’’ मग आईला, ‘‘डब्यातलं चित्र बोललं तवा खरं. मी बोलत व्हते तवा नाय.’’

‘‘चुकले गो.’’

‘‘जा गोजरे. आज मना तुज्याशी बोलवत नाय.’’

दार लागलं. जोरात नाही, हळूच. लिफ्टमध्ये आई आरशाकडे पाठ करून उभी राहिली. रिक्षात म्हणाली, ‘‘बराबर केलं तिनी.’’

त्या आठवड्यात मी पेजवरचा लेख काढला, रिंगटोन पुसली, मार्क काढले. एक छोटी नोंद लिहिली की एकेचाळिसाव्या मिनिटाचा तो अभिनय नाही, ती एक खरी मुलगी आहे आणि तिला वाचवायला निघालेल्या मुलीला अडवलं गेलंय. नावं लिहिली नाहीत. खाली तीनशे कमेंट आल्या. बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘भारी मार्केटिंग! लिंक द्या.’ मी कोणालाच लिंक दिली नाही. रविवारी वरच्या खोलीत गेलो, रिमोट हातात घेऊन बसलो आणि काही न लावता खाली आलो.

शुक्रवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

‘‘गोजराचा पोरगा का रं?’’

‘‘हो, मावशी.’’ नंबर तिला कोणी दिला, ते विचारायचं सुचलं नाही.

तिच्या मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

‘‘येक इचारू? त्यानं माजं तोंड दाबलं तवा माज्या हातातली फली पडली का? मना आटवत नाय. मना रातचं वाटतं, मीच टाकून दिली नि रडत बसले. दिसतं का त्यात?’’

‘‘थांबा,’’ मी म्हणालो. फोन कानाला धरूनच वर गेलो, टीव्ही लावला. शेवटून सुरुवात केली आणि एकेक चित्र मागे-पुढे करत तीनदा पाहिलं. त्या माणसाने तिला फरफटत बांधाच्या पलीकडे नेलं होतं. कडेबाहेर जाताना तिचं डोकं दिसेनासं झालं, मग खांदा. त्यानंतरही दोन सेकंद फळीचं टोक चित्रात होतं, आणि ते खाडीच्या दिशेने रोखलेलं होतं.

‘‘नाही पडली, मावशी. शेवटपर्यंत हातात आहे. तुम्ही दिसेनाशा होता, तरी फळी दिसतेय.’’

‘‘नीट बग.’’

‘‘नीट बघितलं. तीनदा बघितलं.’’

पलीकडे ती रडत होती की नुसती श्वास घेत होती, मला सांगता येणार नाही. मी टीव्ही बंद केला.

‘‘तुजी आय हाय का घरात?’’

‘‘आहे.’’

‘‘दे तिला.’’

मी खाली जाऊन आईच्या हातात फोन दिला, ‘‘पुतळामावशी,’’ एवढंच सांगितलं, आणि नमिताला खूण करून आम्ही दोघं बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.